उज्वलाताईंच्या घरची गाठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नांदसई सोसायटीचे चेअरमन माननीय संतोषभाऊ, खालापूरहून वेळात वेळ काढून आलेले सहकार खात्याचे साहेब, व्यासपीठावर बसलेले आजी-माजी संचालक, मघापासून नेटकं सूत्रसंचालन करणारी आपली रिया, पहिल्या रांगेतल्या जानकीमावशी आणि त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली म्हणून खुशीत असलेले पोपटकाका, साजगाव, लोधिवलीपासून आलेले पाहुणे, सभासद बंधू-भगिनींनो, माझ्यासारख्या माहेरवाशिणींनो, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण इथे जमलो आहोत त्या आपल्या गोदामपाल, श्रीमती उज्वला रत्नदीप ओव्हाळ, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या उज्वलाताई, सर्वांना माझा नमस्कार.

मी नम्रता. सोनाबाईंची धाकटी. हे सांगावं लागतं, कारण लग्नानंतर मी पुण्याला गेले आणि इथली नवी पिढी मला ओळखत नाही. संतोषभाऊंनी सोसायटीच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत गावाच्या धान्याचा इतिहास लिहायला सांगितला, म्हणून गेलं वर्षभर मी येऊन-जाऊन इथे आहे. कणग्या कशा होत्या, भात कुठे ठेवायचे, कसं न्यायचे, हे विचारत घरोघर हिंडले. काही घरांत चहा मिळाला, काही घरांत जेवण. पोपटकाकांकडे मात्र आधी मलाच प्रश्न विचारण्यात आले. पुण्यात तांदूळ काय भावानं घेतेस, आणि त्याला वास तरी येतो का?

रियानं मघाशी ‘या सभागृहात आपलं स्वागत आहे’ असं म्हटलं. रिया, तुझं बरोबरच आहे. खुर्च्या मांडल्या, पताका लावल्या, म्हणजे सभागृहच झालं. पण तुम्ही बसला आहात ते आपलं गोदाम आहे. मागच्या दोन रांगा जिथे आहेत तिथे गरव्या भाताच्या थप्प्या असत, पार वासे दिसेनासे होईपर्यंत. दाराजवळ, जिथे आत्ता चपला काढल्या आहेत, तिथे हळवं भात. मुलांसाठी सांगते, हळवं म्हणजे लवकर तयार होणारं, दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापणीला येणारं. गरवं त्यानंतर. हळवं आधी येतं आणि आधी खायला निघतं, म्हणून ते दाराशी. इतकी साधी गोष्ट. पण माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा आधार ही साधी गोष्टच आहे, तेव्हा तेवढी लक्षात असू द्या.

हे गोदाम नव्हतं तेव्हा काय होतं? कणगी होती, बांबूची विणलेली आणि शेणामातीनं लिंपलेली. ती खायच्या भातासाठी. बियाण्यासाठी आणि न्यायच्या धान्यासाठी मुडी होती. भाताचाच पेंढा घ्यायचा, त्याचं घरट्यासारखं भांडं करायचं, आत भात ओतायचं, वरून पेंढ्याच्याच दोरीनं आवळत न्यायचं. भोपळ्यासारखी गोल, घट्ट मुडी होते. ती माळ्यावर टांगली की उंदराला सापडत नाही आणि आषाढातली ओल आत शिरत नाही. घाटाखालून बैलांच्या पाठीवर तांदूळ वर देशावर जायचा, तोही असाच बांधून, आणि बैल येताना वरची ज्वारी आणि गूळ आणायचे. पुढे गाडीरस्ता झाला, मग बैलगाड्या कर्जतच्या मालधक्क्यावर जाऊ लागल्या. मग गोणपाट आलं. मुडी मागे पडली, पोतं आलं. मग लॉरी, मग टेंपो. इतिहास म्हणून लिहायचं तर एवढंच आहे, आणि ते स्मरणिकेत पान चौदावर छापलेलं आहे. बाकीचं मी इथे सांगायचं राखून ठेवलं.

आपल्या गावात मुडी बांधणारे एक होते. श्रीपतकाका. उज्वलाताईंचे वडील.

श्रीपतकाकांची रीत अशी होती की प्रत्येक घराच्या मुडीला वेगळी गाठ. पोपटकाकांच्या घरची दोन वेढ्यांची, आमच्या घरची उलटी, पाटलांची मध्ये पीळ दिलेली. मुड्या एकत्र झाल्या, गाडीत मिसळल्या, तरी ज्याची त्याला कळावी. लिहिता-वाचता येणारी माणसं तेव्हा कमी, पण गाठ हाताला कळते. अंधाऱ्या माळ्यावरही कळते. आणि हळव्या भाताच्या गाठीला ते एक शेपूट सोडत. वीतभर दोरी मोकळी. मुडी आधी काढायची ना, मग ओढायला काहीतरी हवं. म्हणून शेपूट.

आता एक गोष्ट सरळ सांगते. समारंभ आहे म्हणून ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. श्रीपतकाका अंगणात बसून मुडी बांधत. बांधलेली मुडी घरातला माणूस उचलून माळ्यावर नेई. गावातल्या एकेका माळ्यावर काय टांगलेलं आहे हे ज्यांच्या हातांना ठाऊक होतं, ते स्वतः कुठल्याही माळ्यावर कधी गेले नाहीत. त्यांना ओटीच्या वर बोलावत नसत. छप्पन्न साली त्यांच्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली. श्रीपतकाकांचं तेव्हा जेमतेम विशीचं वय. त्यांनी मुडी बांधणं सोडलं नाही, दुसऱ्यांच्या अंगणात जाणं सोडलं. निरोप पाठवला, ‘ज्याला मुडी पायजे त्यानं पेंढा आन् भात घेऊन माज्या अंगणात यायचं.’

गाव काय करणार? दोन-तीन घरांनी आपल्या हातानं बांधून पाहिल्या. माळ्यावरून भात गळायला लागलं, खाली झोपलेल्यांच्या अंगावर. मग गेलं गाव. पेंढ्याचे भारे डोक्यावर घेऊन, रांगेनं. जानकीमावशी तेव्हा श्रीपतकाकांशी लग्न होऊन नव्यानं आलेल्या. त्या सांगतात, ‘घरात ग्लास चार, आन् पानी मागणारी मानसं इतकी! पयल्या वर्साला कोन पानी मागायचा नाय. दुसऱ्या वर्साला ऊन जास्त व्हता, मंग मागायला लागली.’

जानकीमावशी हसताहेत. मी बरोबर सांगितलं ना, मावशी?

पुढे गोदाम झालं, पोती आली, आणि श्रीपतकाका इथे हमाल म्हणून लागले. मुडी गेली, पण गाठी पोत्यांवर आल्या. व्यापाऱ्याचं पोतं दाभणानं शिवलेलं, आपलं पोतं सुतळीनं बांधलेलं. पोपटकाका तरुणपणी गाडी घेऊन कर्जतच्या मालधक्क्यावर जायचे. तिथे दहा गावांची पोती एकत्र पडायची. ते सांगतात, नांदसईची गाडी आली की तिथले हमाल म्हणायचे, ‘आली बघा, आता ही लोकं पोत्यांच्या शेंड्या चाचपत बसणार.’ हसू देत. आपलं पोतं दुसऱ्याच्या डब्यात कधी गेलं नाही.

शाळेतून सुटलेली उज्वला वडिलांचा डबा घेऊन गोदामात यायची आणि पोत्यांवर बसून गाठी सोडायला-बांधायला शिकायची. श्रीपतकाका म्हणायचे, ‘शिक गं बाय, पन हमाली करू नको.’ तिनं त्यांचं दोन्ही ऐकलं. खोपोलीला जाऊन बी.कॉम. केलं, परीक्षा दिली आणि याच गोदामाची गोदामपाल झाली. किल्ली तिच्या हातात आली त्या दिवशी श्रीपतकाका कामावरच होते. पाठीवरचं पोतं त्यांनी खाली ठेवलं, किल्ली हातात घेऊन पाहिली, परत दिली आणि पोतं पुन्हा पाठीवर घेतलं. एवढंच. हे मला उज्वलाताईंनी सांगितलेलं नाही. पोपटकाकांनी सांगितलं, आणि सांगताना ते दुसरीकडे बघत होते.

आता मला दोन हजार पाचचा जुलै सांगायचा आहे. श्रीपतकाका तोवर गेले होते.

त्या खांबाकडे बघा. आडवी फिकट रेघ आहे, ती पाण्याची आहे. नदी रस्ता ओलांडून गोदामात शिरली आणि बराच वेळ थांबली. ओसरल्यावर आपण बाहेर आलो तेव्हा लावणी झालेली खाचरं दिसेनात. कुठे रेती, कुठे गुडघाभर गाळ. रोपं वाहून गेली. माझं तेव्हा नुकतंच शिक्षण संपलं होतं, मी गावातच होते. माझी आई बांधावर उभी राहून आमचं शेत शोधत होती. बांधही नव्हता खरं तर. मी तिला म्हटलं, आई, हेच आहे. ती म्हणाली, ‘नाय गं, आपलं असं नाय.’

पुन्हा पेरायचं तर बियाणं हवं. खोपोलीचा रस्ता तुटलेला, रेल्वे बंद, फोन बंद. दुकानातलं बियाणं भिजून गेलेलं. आणि पेरणीचे दिवस तर उलटूनच चाललेले. त्या वेळी टाकायचं तर हळवंच टाकायला हवं. गरवं टाकलं तर ते पोटरीत येईपर्यंत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आतच, जमिनीतली ओल संपते.

गावाचं सगळं भात इथे, या चार भिंतींच्या आत. खालच्या थप्प्या पूर्ण भिजलेल्या. काही ढासळून एकमेकांवर पडलेल्या. पोत्यांवर रंगानं घातलेली नावं पाण्यानं धुऊन गेलेली. तेव्हाचे चेअरमन चिखल तुडवत आले. ते आज हयात नाहीत, माणूस भला होता. त्यांनी सांगितलं, पंचनामा होईपर्यंत कुणी एका दाण्याला हात लावायचा नाही. माल हलला तर भरपाई गेली. ते चुकीचं बोलत नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. नियम तसाच होता आणि हेतू गावाच्या भल्याचाच होता. उज्वलाताईंनी कुलूप घातलं.

पण पंचनाम्याला येणारे साहेब येणार कुठून? रस्ताच नव्हता.

दोन-तीन दिवसांनी गोदामातून वास यायला लागला. आंबूस, थोडा गोड. पोपटकाका आणि आणखी बरीच माणसं दाराशी जमली. माझी आई होती, तिच्यामागे मी. पुढचं मी कानांनी ऐकलेलं आहे.

पोपटकाका म्हणाले, ‘उज्वला, दार उघड गं. माजी पोती हायत आत.’

‘सगळ्यांचीच हायत काका. पंचनामा झाल्याबिगर उघडायचं नाय, सांगून गेलेत.’

‘पंचनामा काय पेरायचाय आमाला?’

कुणी हसलं नाही. उज्वलाताई कुलूप काढून एकट्याच आत गेल्या, ओंजळभर भात पदरात घेऊन आल्या आणि कुलूप पुन्हा लावलं. जानकीमावशी लेकीसाठी भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी भाकरीचं फडकं माझ्या आईच्या हातात दिलं आणि पदरातले दाणे तळहातावर पसरले. प्रत्येक दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका फुटलेला.

‘ह्ये सडलं नाय गं,’ मावशी म्हणाल्या, ‘मोड आलेत. ह्यो तं रहू झालाय.’

मुलांनो, रहू म्हणजे काय ते तुमच्या आजोबांना विचारा. नाहीतर मीच सांगते, आजोबा आत्ता पेंगताहेत. रोप करायला वेळ नसला की भात भिजत घालायचं, ओल्या गोणपाटात दाबून ठेवायचं, मोड फुटले की चिखलात फेकून पेरायचं. लावणी नको, काही नको. भिजवणं, गोणपाट, ऊब, चिखल. पुरानं आपलं सगळं काम करून ठेवलं होतं. खाचरात चिखल आणि गोदामात रहू. कुलूप तेवढं मध्ये होतं.

पण मोड थांबत नाहीत. थप्पीच्या आत ऊब वाढत जाते आणि मग दाणा खरंच कुजतो. माझी आई एरवी चारचौघांत बोलत नसे, ती म्हणाली, ‘आज पेरला तं भात, परवा पेरला तं खत.’

उज्वलाताईंनी आपल्या आईकडे पाहिलं. ‘आई, नोकरी जाईल माझी.’

सगळे जानकीमावशींकडे बघत होते. कुणाला वाटलं असेल की त्या म्हणतील जाऊ दे, कुणाला वाटलं असेल की म्हणतील नको. त्या म्हणाल्या, ‘मला नको इचारू. किल्ली तुज्याकडं हाय.’

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. घरात मिळवती एकटी तीच होती, कारण तिचे यजमान रत्नदीपभाऊ कामाला होते तो कारखाना त्या वर्षी बंद होता. लेक हर्षला लहान. दार उघडलं नसतं तर तिला कुणी बोल लावू शकलं नसतं. कागदावर ती बरोबर राहिली असती आणि त्या हंगामात गावात भात झालं नसतं. यावर्षी मी उज्वलाताईंना विचारलं, तेव्हा मनात काय आलं? त्या म्हणाल्या, ‘बाबा कधी कुणाच्या माळ्यावर गेले नाहीत. माझ्या ताब्यात अख्ख्या गावाचा माळा होता. तो कुजू देण्यासाठी का मला किल्ली मिळाली?’

तर दार उघडलं. आणि लगेच नवं भांडण. हळवं कुठलं आणि गरवं कुठलं? नावं धुतलेली, थप्प्या पडलेल्या, सगळी पोती चिखलाच्या एकाच रंगाची. उज्वलाताई आत शिरल्या आणि म्हणाल्या, ‘डोळ्यांनी बघू नका. तोंडाशी हात घाला. ज्याला शेपूट आहे ते हळवं.’

श्रीपतकाका जाऊन काही वर्षं झाली होती, पण शेपटं सगळी जागेवर होती. आमच्या आयांना, काकांना पोतं बांधताना शेपूट सोडायची इतकी सवय की का सोडतो हे बरेच जण विसरूनही गेले होते.

शेपटाची पोती बाहेर आली तेव्हा दिसलं की त्यातली बहुतेक दोन वेढ्यांच्या गाठीची आहेत. म्हणजे पोपटकाकांची. त्यांच्या नदीकाठच्या हलक्या जमिनीत पाणी टिकत नाही, म्हणून हळवं त्यांच्याकडेच जास्त. काका पोत्यांसमोर हात पसरून उभे राहिले.

‘माजी पोती माज्या शेतात जातील.’

उज्वलाताई म्हणाल्या, ‘तुमच्या शेतात रेती भरलीय काका. पेरता कुठं, डोक्यावर?’

काकांनी पसरलेले हात खाली घेतले. ‘गाठ बघून वाटलं तर निम्मं गाव उपाशी,’ त्या म्हणाल्या. ‘आज फक्त शेपूट बघायचं. गाठ कुणाची ते मी विचारणार नाय, तुमीबी सांगू नका.’

मग पोपटकाकांनी स्वतः पहिल्या पोत्याची गाठ सोडली. संतोषभाऊ, तुम्ही तेव्हा पोती वाहत होता, तुम्हाला आठवत असेल. दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक घरात रहू पोचला होता. ज्यांच्या शेतात गाळ होता त्यांनी स्वतःचं पेरून, उरलेली जागा ज्यांच्या शेतात रेती भरली होती त्यांना पेरायला दिली. पोपटकाकांनी त्या वर्षी आमच्या खाचरात पेरलं. आईची उलटी गाठ आणि त्यांची दोन वेढ्यांची, एकाच बांधाच्या आत.

पुढे पंचनामा झाला. पण भिजलेला मालच जागेवर नव्हता, तर नोंद कशाची घेणार? त्याची भरपाई आली नाही. संचालक मंडळानं उज्वलाताईंना लेखी समज दिली आणि गोदामाची किल्ली काढून घेतली. त्यांना खताच्या काउंटरवर बसवलं. गावातलं कुणी तेव्हा मंडळासमोर जाऊन त्यांच्या बाजूनं बोललं नाही. पेरण्या झाल्या होत्या, माणसं आपापल्या घरच्या पडझडीत होती. कारणं होती. तरी कुणी बोललं नाही, एवढं खरं.

आणि मग हळवं आलं. थोडं उशिरा, थोडं बुटकं, पण आलं. झोडून, वाळवून, बांधून गोदामात पोचलं. किल्ली तेव्हा तात्पुरत्या नेमलेल्या एका गृहस्थांकडे होती. फार टापटिपीचा माणूस. पोत्यांना लोंबणारी सुतळी त्यांना बघवेना. त्यांनी कात्री घेतली आणि पहिल्याच टेंपोतल्या सगळ्या पोत्यांची शेपटं नीट कापून, थप्पी कशी सुरेख दिसते ते बघत उभे राहिले.

दुसरा टेंपो पोपटकाकांचा होता.

‘शेपूट कापलंस?’ काकांचा आवाज मारुतीच्या देवळापर्यंत गेला. ‘अरं, बैलाचं कापलं असतंस तं तो वरडला तरी असता!’

गृहस्थ म्हणाले, ‘आजोबा, सुतळीच आहे ती.’

काका टेंपोच्या फाळक्यावर बसले. ‘उज्वला येत नाय तोवर पोतं उतरत नाय.’ मागून पाटलांचा टेंपो आला, तोही थांबला. आमची बैलगाडी आली, आई तिच्यावरच बसून राहिली. रस्त्यावर पार शाळेच्या वळणापर्यंत रांग. एसटी अडकली, कंडक्टर उतरून आला, त्याला वाटलं कुणी पुढारी येणार आहे. चेअरमन आले, परिस्थिती पाहिली, आणि स्वतः खताच्या काउंटरवर गेले. जे बोलायला हवं होतं ते गाव अखेर असं बोललं, तोंडानं न बोलता, पोत्यांवर बसून. उशिरा बोललं. पण बोललं.

उज्वलाताई किल्ली घेऊन आल्या. दार उघडण्याआधी त्यांनी कापलेल्या पोत्यांकडे पाहिलं आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, ‘सुतळीचा गुंडा द्या, मी सांगते तशी बांधू लागा.’ संध्याकाळपर्यंत तो माणूस शेपटं बांधत होता. पुढे तो आपला चांगला मित्र झाला.

त्यानंतरची वर्षं तुम्हाला माहीत आहेत. शेतं कमी झाली, फार्महाऊस वाढली. रेशनचा तांदूळ आला, पोतं प्लास्टिकचं झालं. उज्वलाताईंनंतर गोदामपालाची जागा भरली जाणार नाही, आणि हे गोदाम पार्सलच्या मालासाठी भाड्यानं द्यावं की नाही हे पुढच्या सभेत ठरेल. त्यावर मी मत देणार नाही, मी सभासद नाही. त्यांची हर्षला आज लोधिवलीजवळच्या मोठ्या वेअरहाऊसमध्ये कामाला आहे. आईचं गोदाम तिथल्या एका कोपऱ्यात मावेल, असं ती सांगते. तिच्या प्रत्येक खोक्यावर काळे-पांढरे पट्टे असतात, यंत्र लावलं की कुणाचं, कुठलं, कधी निघायचं, सगळं कळतं. ती आईला म्हणाली, ‘तुझी गाठ आणि शेपूट म्हणजे हेच तर.’ उज्वलाताई म्हणाल्या, ‘हो गं. फक्त आमचं लाइट गेल्यावरसुद्धा चालायचं.’

आता शेवटाकडे येते. रिया घड्याळ दाखवते आहे, आणि बाहेरून भाजीचा वास येतो आहे.

स्मरणिकेसाठी मी सगळ्या घरांच्या गाठींची चित्रं काढत होते. उज्वलाताई एकेक बांधून दाखवत होत्या. गावातली सगळी घरं संपली, तेव्हा मी सहज विचारलं, आता तुमच्या घरची दाखवा.

त्या हसल्या. म्हणाल्या, ‘आमच्या घरची कुठली गाठ? बाबांना मजुरीचं भात मिळायचं, ते रोजचं रोज कांडून संपायचं. जमीन नाही, मग बियाणं नाही. बियाणं नाही, मग मुडी कसली बांधायची? आम्ही सगळ्यांच्या बांधल्या, आमची कधी लागलीच नाही.’ एवढं म्हणून त्यांनी सुतळी गुंडाळून ठेवली आणि मला चहा घेणार का विचारलं.

माझ्या वहीत गाठींचं शेवटचं पान तसंच कोरं राहिलं. मी ते माझ्या आईला दाखवलं. आईनं पोपटकाकांना सांगितलं. आणि पुढे काय झालं ते या टेबलावर फडक्याखाली आहे.

संतोषभाऊ, जरा ते फडकं काढता का? थँक्यू.

ही मुडी आहे. गावात पुष्कळ वर्षांत कुणी बांधलेली नाही. पोपटकाकांनी बांधायला घेतली, दोनदा सुटली. मग ते पेंढा घेऊन जानकीमावशींच्या अंगणात गेले. मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘ही मुडी हाय का कोंबडीचं घरटं?’ आणि त्यांना समोर बसवून करून घेतली. आत हळवं भात आहे. त्या पुराच्या वर्षी जे पेरलं, त्याचंच बियाणं अजून काही घरांनी जपलं आहे, त्या प्रत्येक घरातलं ओंजळ-ओंजळ. उज्वलाताई, तुम्ही आणि रत्नदीपभाऊंनी आता घरामागे जमिनीचा तुकडा घेतला आहे. येत्या हंगामात तुम्ही तिथे पेरणार आहात. तुमच्या घरी पहिल्यांदाच बियाणं बांधून ठेवायचं आहे.

शाल, श्रीफळ, साडी हे सगळं अध्यक्षांच्या हस्ते रीतसर होईलच. ही मुडी मात्र तोंडाशी उघडी ठेवली आहे. पोपटकाका म्हणत होते, मीच मारतो गाठ. जानकीमावशींनी त्यांच्या हातावर चापट मारली.

माझं बोलणं लांबलं. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाच्या घरची गाठ मी चुकीची सांगितली असेल, किंवा एखादी गोष्ट समारंभात बोलू नये अशी बोलून गेले असेन, तर माहेरची पोर म्हणून पोटात घाला. सोसायटीनं मला बोलावलं, तुम्ही इतका वेळ ऐकून घेतलं, जानकीमावशींनी आणि पोपटकाकांनी मला त्यांच्या आठवणी दिल्या, त्याबद्दल मी सगळ्यांची आभारी आहे.

उज्वलाताई, इकडे या. दोरी ही इथे आहे. कुठल्याही घराची नको, तुम्हाला हवी तशी गाठ मारा. हळवं आहे, तेव्हा शेपूट सोडायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या वहीतलं ते पान मी उघडून ठेवलं आहे. घाई करू नका. जेवणं थोडी उशिरा झाली तरी आम्ही थांबतो.